उंबऱ्यावर घासलेलं नाक

मालकिणीने आईला उंबऱ्यावर नाक घासायला लावलं, तेव्हा मी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन अंगणात उभी होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. गाव तापीकाठचं. शेतं मालकांची, राबणारे आम्ही भिल्ल.

मालकिणीच्या नातवाला गोवर आला होता. अंग तापलेलं, डोळे लाल. आदल्या दिवशी आई कापूस टाकायला त्या अंगणात गेली होती. एवढंच निमित्त.

"तुन्हा पोरे तू खादात. आते मन्हा नातू बी खावाना शे का तुले? घस नाक!"

"मालकीण, मी काहीच कयं नही," आई म्हणाली.

तरी घासलं. सालटं निघेपर्यंत. पुरुष माणसं ओट्यावर विड्या ओढत बघत होती.

माझे दोन भाऊ तान्हेपणीच गेले होते. कान फुटायचे, खोकला हटायचा नाही, अंगावर गळवं. आम्ही बहिणी मात्र धडधाकट. गावाने त्याचा अर्थ लावून टाकला. आई डाकीण. आईच्या आईचेही मुलगेच गेले होते, म्हणजे आजीही डाकीण. झालं!

नातू आठवड्यात उड्या मारायला लागला. गोवरातून पोरं उठतात, तसा तोही उठला. पण गाव म्हणालं, बघा, नाक घासलं आणि सोडलं तिने. त्याचं बरं होणं आईच्या कपाळी डाग देऊन गेलं. तेव्हापासून पाणवठ्यावर बायका तिला पाहून पोरं पदराखाली घेत.

मग माझ्या उरलेल्या धाकट्या भावाला, दित्याला, धाप लागली. आई आणि मी त्याला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले, घसा पाहिला. आईला विचारलं, "तुमचे भाऊ आहेत?" आईने मान हलवली. नाहीत. आधीचे दोन मुलगेही असेच गेल्याचं तिने सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले,

"रोगाशी झुंजायला अंगात जे लागतं, ते याच्या अंगात जन्मापासूनच नाही, असं दिसतं. हे आईकडून मुलग्यांत येतं. मुली वाचतात, पण त्यांच्याकडून ते पुढे त्यांच्या मुलग्यांत जाऊ शकतं. यात तुमचा काही दोष नाही."

आई तिथेच फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली. मला रडू आलं नाही. मला मालकिणीचा उंबरा आठवला. अंगाचा तिळपापड झाला.

दित्या पावसाळ्यात गेला. त्याचं औषध मुंबईत मिळायचं म्हणे. आमच्यासाठी मुंबई म्हणजे आभाळ.

त्याची माती ओली होती तोच मालकिणीचा गडी दारात आला. मालकिणीची नात तापली होती, पुन्हा नाक घासायला आईला बोलावलं होतं. आई निमूट उठली, पदर सावरला. मी तिला खाली बसवलं आणि एकटी गेले.

"माय येणार नही," मी उंबऱ्यासमोर म्हणाले. "पोर आजारी शे, तर दवाखानामा ली जा."

"भिलनी, तू माले शिकाडस?" मालकीण ओरडली.

"हा, शिकाडस."

गडी अंगावर आला. मी हलले नाही. दुसऱ्या दिवसापासून आमचं काम बंद झालं. पुढे दुसऱ्या गावी खडी फोडली, पण त्या अंगणात पुन्हा पाय ठेवला नाही.

आईकडून ते माझ्यातही आलं असेल, हे मला माहीत आहे. मला मुलगा झाला, तर तोही असाच आजारी पडू शकेल. त्याला वाचवायला जिवाचं रान करीन. गेलाच तर छाती बडवून रडेन. पण कोणी मला डाकीण म्हणत आलं, तर नाक घासायला मी खाली वाकणार नाही. माझ्या मुलींनाही वाकू देणार नाही.