आठवी फेरी

वटपौर्णिमेला सुताची गुंडी हातात घेतली, की कोऱ्या सुताच्या वासासरशी मला बंगळूरची ती अफाट बाग आठवते. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. मी आष्ट्याची, सातवीत शाळा सुटलेली. एवढ्या शहरात वड सापडला तो तिथं, तोही कुंपणात. मी दोरा आत टाकला आणि शिट्टी वाजली.

“पळ गं, दंड करत्याल!” हे म्हणाले.

“आवं, तुमच्याच आयुष्यासाठी फेऱ्या घालायच्यात. उपास कसा सोडू?” मी रडायलाच लागले.

म्हातारा माळी जवळ आला. “रो मत, अम्मा. धागा इधर दे.” कुंपणात शिरून तो सात वेळा वडाभोवती फिरला. मी बाहेरून गुंडी सोडत राहिले.

घाबरल्यामुळं तेव्हा त्याचं नावही विचारलं नाही. आता घराजवळच्या देवळात वड आहे. तिथं मी आठ फेऱ्या घालते. आठवी त्याच्या आयुष्यासाठी.