तिघांचा फोटो

लष्करातल्या फोटोग्राफरला पहिल्याच दिवशी सांगतात, की तू कुठं दिसायचं नाहीस. सावलीसुद्धा फोटोत येता कामा नये. सीमेवर, दरडीखाली, पुरात, जिथं धाडलं तिथं गेलो, आणि एवढ्या नोकरीत मी एकाच फोटोत सापडतो. तोही मी काढलेला नाही.

मी औशाचा. बसस्टँडजवळ मामाचा स्टुडिओ होता आणि तिथल्या कपाटावर एक प्लास्टिकची बाहुली असायची. तिघं जण फोटोला आले, की मामा त्यांच्यातल्या एकाच्या हातात ती बाहुली द्यायचा. तिघांचा फोटो काढला की त्यातलं एक माणूस जातं, असं आमच्याकडं मानतात. मी मामाची यथेच्छ टिंगल करायचो. मामा म्हणायचा, "गिऱ्हाईक भ्यालं की फोटो बिघडतो. बाहुली दिल्यानं माझं काय जातंय?"

पैनगंगेच्या पुरात आमची तुकडी इस्लापूरकडं गेली, तोवर ती बाहुली डोक्यातून कधीच गेली होती. नदीकाठच्या एका वस्तीत पाणी शिरलं होतं. बोटीत साहेब, दोन जवान आणि मी. मराठी येणारा मी एकटाच. खालच्या अंगाला सहस्रकुंडाचा धबधबा गरजत होता. मोटर बंद पडली तर आपण कुठं जाऊ, हे कुणालाच विचारायची गरज नव्हती.

वस्तीच्या टोकाला एका खोलीच्या स्लॅबवर तिघं बसली होती: म्हातारा, म्हातारी आणि त्यांची सून. सुटकेच्या आधी एक फोटो आणि नंतर एक, असा आमचा नियम. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

म्हातारी किंचाळली. "तिघांचा काढलास का रं, मुडद्या!"

"क्या बोल रही हैं?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि तिला समजाव म्हणाले. काय समजावणार, डोंबल? बोटीत आणखी दोघांपुरतीच जागा होती. एकाला मागं राहावं लागणार होतं आणि म्हातारीला ते दिसत होतं. तिनं नवऱ्याला आणि सुनेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मागं ऱ्हाईल त्येच जानार. आमी तिघंबी हितंच ऱ्हातो."

स्लॅबखालच्या विटा सुटून पाण्यात पडत होत्या. मला तिचा भयंकर राग आला. काढलेला फोटो पुसायची आम्हाला परवानगी नसते, आणि पुसला असता तरी तिचा विश्वास बसला नसता. तेवढ्यात मामाची बाहुली आठवली.

गळ्यातला कॅमेरा काढून जवानाच्या हातात दिला आणि स्लॅबवर चढलो. साहेब ओरडले, पण मी तिकडं बघितलंच नाही. सुनेशेजारी उभा राहून जवानाला म्हणालो, "खींच!" मग म्हातारीकडं वळलो. "मावशी, मोजा आता. चौघं झालो. माझी जागा रिकामी झाली, तुमी तिघंबी एकदमच जावा. मागं मी ऱ्हातो."

तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "कुठला रं तू?"

"औशाचा."

"माय हाय?"

"हाय."

"तिला इचारलंस?"

मी बोटीकडं हात केला. तिचे हात सैल झाले आणि साहेबांनी तिघांनाही ओढून बोटीत घेतलं.

कॅमेरा गळ्यात असला की वाटतं, हे सगळं दुसऱ्या कुणाला तरी होतंय. त्या दिवशी माझा हात सारखा छातीकडं जायचा आणि तिथं काहीच नसायचं. बोट प्रवाहाच्या मधोमध गेली आणि मोटरचा आवाज थांबला. बोट आडवी होऊन खाली सरकू लागली. जवान मोटर चालू करायची दोरी ओढत होता, परत ओढत होता. मोटर एकदाची धडधडली तेव्हा माझ्या पायाखालच्या स्लॅबचा कोपरा तुटून गेला. तिघांवरचं मी आपल्यावर ओढवून घेतलं का, असं मनात आलं. मामाला हसणारा मी, पण तेव्हा हसू आलं नाही. मी फार भ्यालो होतो.

बोट परत आली. मला काठावर आणलं तेव्हा म्हातारी तिथंच उभी होती. शाळेतल्या छावणीत चल म्हणून सून तिला ओढत होती, पण ती हलली नव्हती. मी चिखलात उतरल्यावर तिनं माझं मनगट एकदा धरून बघितलं आणि मग ती गेली.

कार्यालयाच्या अहवालात तिघांचा फोटो लागला. चौघांचा बाद झाला, कारण त्यात फोटोग्राफर दिसत होता. शिवाय फोटो वाकडा, कोपऱ्यात जवानाचं बोट आलेलं. मी त्याची प्रत काढून पुढच्या सुट्टीत म्हातारीकडं घेऊन गेलो. तिघंही धडधाकट होती. तिनं फोटोवर बोट ठेवत चौघं मोजली आणि फोटो मला परत दिला.

"हा तुझ्या मायला दे. म्हनावं, न इचारता तुझं लेकरू घेतलं व्हतं, वापस केलं."

औशाला येऊन आईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं पदरानं फोटो पुसला.

"इचारलं असतंस तर मी न्हाई म्हनले असते," ती म्हणाली, आणि त्या तिघांच्या तोंडांकडं बघून रडायला लागली.