ऑफसाइड काका

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका आळशी माणूस भारताच्या निळ्या जर्सीत कधी खेळला नसेल, आणि त्यांच्याइतका वेळेवर पोचणाराही. कोल्हापूरच्या मातीतून फौजेत, फौजेतून भारतीय फुटबॉल संघात आणि निवृत्तीनंतर लखनौच्या इंदिरा नगरात येऊन राहिलेला हा स्ट्रायकर मी कधी पळताना पाहिला नाही. चारबाग स्टेशनवर गाडी आली की सगळे सामान घेऊन धावतात. काका एका जागी उभे असतात आणि डब्याचं दार त्यांच्यासमोर येऊन थांबतं. लग्नात तंबूच्या ज्या फटीतून कबाबचा ट्रे बाहेर येणार, तिथे काका आधीच हजर. काकू म्हणतात, "घरात काम निघालं की मात्र हे कायम ऑफसाइड."

कारकिर्दीबद्दल विचारलं तर माझं डोकंच फिरतं. परदेशात मारलेल्या गोलांची गोष्टही ते पास देणाऱ्यावर संपवतात. "बॉल त्येनं आणला. मी नुसता पाय लावला." सरकारनंही हे फारच मनावर घेतलं. एक शाल दिली आणि विसरून गेलं. यावर मी पत्रक काढणार होते, काकांनी काढू दिलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात आमच्या कमिटीनं कोणालाही न विचारता कॉलनीचं मैदान पार्किंगसाठी डांबरायचं ठरवलं. याच मैदानावर काका रोज संध्याकाळी मुलांना शिकवतात, म्हणजे गोलपोस्टाजवळ उभे राहतात. मी पत्रकं छापली, सगळे जिने चढले, दारं ठोठावली. काका म्हणाले, "लई पळतीस पोरी. हुबी ऱ्हा की जरा."

"काका, यार, मैदान तुमचं चाललंय, आणि मी उभी राहू?"

रोलर यायचा त्या सकाळी आम्ही फाटकावर घोषणा देत होतो आणि काका गायब. मी मनातल्या मनात त्यांच्यावरच पत्रक लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. रोलर मागच्या गल्लीतून, पडक्या भिंतीतून आत शिरत होता. आणि नेमके तिथेच, पोटावर ताणलेल्या निळ्या जर्सीत, काका उभे.

"अंकल, हटिए," ड्रायव्हर म्हणाला.

"भैया, कब से आप ही का इंतज़ार है. चाय पियोगे?"

कमिटीचे सेक्रेटरी धापा टाकत आले. "आप यहाँ कैसे?"

"जहाँ सारे डिफेंडर खड़े हों, वहाँ से बॉल थोड़े ही आता है."

तोवर ज्यांची दारं मी ठोठावली होती ते सगळे खाली उतरले होते, काहींच्या हातात माझं पत्रक. समोरच्या इमारतीतल्या आजी म्हणाल्या, "सेक्रेटरी साहब, हाथ यहीं उठवा लीजिए." मैदानाच्या बाजूनं हात वर गेले. रोलरच्या ड्रायव्हरनंही उत्साहात एक वर केला. सेक्रेटरींनी मान खाली घातली, रोलर आला तसा उलटा निघून गेला. आम्ही जिंकलो, साफ जिंकलो.

मी काकांना मिठी मारली. ते म्हणाले, "पास तुझा हुता. मी नुसता पाय लावला."

त्या संध्याकाळी मी त्यांना भारताकडून खेळलेल्या शेवटच्या सामन्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बरोब्बर जागेवर हुतो की. बॉलच आला न्हाई." पुढच्या वेळी संघात त्यांचं नाव नव्हतं.

अजूनही मुलांचा खेळ पलीकडच्या टोकाला रंगला की काका या टोकाला एकटेच उभे असतात. मला फुटबॉल अजिबात येत नाही. तरी बॉल पायाशी आला की मी एक लाथ त्यांच्या दिशेनं हाणते. तो वाकडाच जातो. पण कुठेही जावो, काका तिथे आधीच उभे असतात.