कोरडं सूप

पाण्याचे तीन थेंब सुपावर पडले. चौथा माझ्या गालावर.

पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत सूप धरलेलं. सुपात नारळ, विड्याची पानं, अबोलीची फुलं. अंगावर दुसऱ्या कोणाची तरी नऊवारी, टाचण्या लावून बसवलेली. मी चौदा वर्षांची. समोर पणजीतली पन्नास-साठ शहाणी माणसं खुर्च्यांवर.

शेजारी आमच्या गावची भाटकारीण उभी. जिच्या नवऱ्याच्या जमिनीत आमचं घर, ती. आम्ही तिला वयनीबाय म्हणायचो. तुळशीचं पान तांब्यात बुडवून तिनंच ते पाणी शिंपलं. मग माईकवर बोलली, "आमच्या पेडण्यात सूप घरात घेताना असं पाणी शिंपतात. शुद्ध करून घेतात. फार जुनी चाल आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. होय, टाळ्या. आणि फोटोवाला म्हणाला, "परत एकदा शिंपा, बाय. फोटो नीट आला नाही."

इथं जरा थांबते. मी तिथं कशी पोचले ते आधी सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, चार थेंब पाण्याचं काय घेऊन बसलीय ही.

आम्ही महार. घर धारगळच्या हमरस्त्यापासून आत, वाड्यावर. आई बांबू फोडायची, त्याच्या पात्या काढायची, सुपं आणि टोपल्या विणायची. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायची. गावात मात्र सूप घरपोच द्यावं लागे. लग्न असो, गणपतीची चवथ असो, आमच्या सुपाशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं. पण द्यायची रीत अशी की आईनं सूप अंगणाच्या कडेला जमिनीवर ठेवायचं आणि चार पावलं मागं व्हायचं. मग घरातली बाई तांब्या घेऊन येणार, सुपावर पाणी शिंपणार, आणि मगच उचलणार. दिवसभर आईच्या मांडीवर असलेलं सूप ते. कधी तिच्या बोटाचं रक्तसुद्धा लागलेलं असायचं. त्याच सुपातून पुढं देवासमोर वायन, म्हणजे वाण, जायचं. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ऊन पडतं, पाऊस पडतो, तसं सुपावर पाणी पडतं.

त्या वर्षांत गोव्यात भाषेचं भांडण पेटलेलं. कोंकणी की मराठी. पेडण्यात भिंती घोषणांनी रंगलेल्या. सख्खे शेजारी एकमेकांच्या ओसरीवर जाईनासे झालेले. भाषेचा कायदा झाला, केंद्रशासित गोवा घटक राज्य होणार होणार म्हणून गाजावाजा सुरू झाला. आमच्या वाड्याला त्यातलं काय आलं? घर कोंकणीवाल्याचं असो की मराठीवाल्याचं, सुपावर पाणी दोघंही शिंपायचे. आई दोन्हीकडे सारखीच चार पावलं मागं सरायची.

मला वेड चित्रांचं. कोळसा मिळाला की भिंत, खडू मिळाला की जमीन. शाळेतले चित्रकलेचे मास्तर भला माणूस. पणजीच्या कलासंग्रहालयात मे महिन्यात मुलांसाठी चित्रांचा वर्ग भरायचा, त्याचा अर्ज त्यांनीच भरला. संग्रहालयाचं नाव मी घेत नाही. त्यांना कशाला मोठं करू? दहा दिवसांचा वर्ग. शेवटच्या दिवशी प्रदर्शन, प्रत्येकाचं चित्र भिंतीवर आणि खाली नाव. मला तेवढंच हवं होतं. भिंतीवर माझं चित्र आणि त्याखाली माझं नाव.

माझी निवड झाली, पत्र आलं. चार दिवसांनी दुसरं पत्र आलं, ते आईच्या नावानं. वर्गाच्या शेवटच्या तीन दिवसांत गावोगावच्या कारागिरांना बोलावलं होतं, तिनं येऊन सूप विणून दाखवावं म्हणून. वयनीबाय त्यांच्या कमिटीवर होती, तिनंच आईचं नाव दिलं होतं. मी दोन्ही पत्रं आईला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं ती देवाच्या फोटोमागं ठेवली.

पहाटेची पहिली बस. म्हापशाला दुसरी. मांडवीवरचा पूल तेव्हा पडलेला, म्हणून बेतीला उतरून फेरीबोट. बोटीत मासेवाल्यांच्या पाट्या, सायकली, कचेरीतले बाबू. मी त्या बोटीचंच चित्र काढायला घेतलं. वर्गात माझी जागा जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी. तिसरं मेज. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मेज! शेजारी पणजीची एक मुलगी होती. आमची दोघींची ब्रश धुवायची वाटी एकच. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझी आई काय करते?"

मी म्हटलं, "घरीच असते."

खोटं बोलले. लाज वाटली मला आईची. तेही लिहिते. दुसऱ्यांची पापं मांडायला बसलेय तर माझं का लपवू?

वर्गाच्या बाई गोड बोलायच्या. केस कापलेले, खादीची साडी. माझ्या फेरीबोटीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "पाणी छान हलतंय गं." त्या रात्री मला झोप आली नाही.

आठव्या दिवशी आई आली. डोक्यावर बांबूचा भारा, कमरेला कोयती. दारातूनच ओरडली, "गो चेडवा! हय आसस मगो?"

चेडवा म्हणजे पोरी. सगळी मुलं वळली. मी खाली मान घालून ब्रश धुवत राहिले. आईनं परत हाक मारली. तेव्हा उठले. उठताना बघितलं, शेजारच्या मुलीनं आमची वाटी हळूच आपल्याकडं ओढून घेतली होती.

बाई धावत आल्या. आनंदानं, बरं का! "अगं, ही तुझी आई? आधी सांगायचंस ना! मग तुला इथं काय शिकायचंय? तुमच्या तर रक्तातच कला आहे. जा, आईजवळ खाली बस. मुलांना दाखव."

रक्तात म्हणे. रक्तात काही नसतं हो बाई. बोटात असतं. पाचव्या वर्षापासून बोटात बांबूची कूस शिरते, पिकते, सुईनं काढतात, परत शिरते. तेव्हा कुठं सूप वळतं. हे आता सांगते. तेव्हा मी मेजावरून उठले आणि चटईवर बसले. फेरीबोट अर्धी रंगवायची राहिली. तीन दिवस मी पात्या काढत होते आणि पणजीची मुलं आमच्याभोवती उभी राहून बघत होती. मी ज्यांच्याबरोबर शिकत होते तीच मुलं.

आईनं सहा सुपं विणली. ती पांढऱ्या कापडावर मांडली, भोवती दोरी बांधली, पुढं पाटी ठेवली: हात लावू नये. शेवटच्या दिवशी सकाळी एका सुपाचा काठ सुटलेला आईला दिसला. तिनं दोरीवरून हात घातला. राखणदार खेकसला, "ए बाई, हात लावू नको! वाचता येत नाही?"

आई हसली. "हात लायल्याशिवाय सूप झाला कसा रे, पुता?"

त्यानं पाटीकडं बोट दाखवलं. हात काही लावू दिला नाही. काठ सुटलेलाच राहिला.

मी भिंतीपाशी गेले. सगळ्यांची चित्रं लागलेली. आंबे, चर्च, देऊळ, नारळाची झाडं. प्रत्येकाखाली नाव. टोकापासून टोकापर्यंत दोनदा बघितलं. माझी फेरीबोट नव्हती. बाईंना विचारलं. त्या घाईत होत्या. "तुझं नाव कारागिरांत घातलंय ना? मग दोन्हीकडं कसं येणार? चल, साडी नेस. सूप तुझ्याच हातून द्यायचंय प्रमुख पाहुण्यांना."

नेसले. गप बसण्याचं शिक्षण आमच्याकडं फार चांगलं मिळतं.

मग ते पाणी. मग टाळ्या. मग फोटोवाला. परत एकदा शिंपा.

पहिल्या वेळी मला कळलंच नव्हतं. इतकी सवय. पण परत एकदा? फोटोसाठी? म्हणजे आमच्या अंगणात जे होतं ते इथं दिव्याच्या उजेडात, नऊवारी नेसवून, शोभेचं करून परत करायचं. आणि मी नीट सरळ उभं राहायचं, कॅमेऱ्याकडं बघून. वयनीबायनं पान पुन्हा तांब्यात बुडवलं. मला खाली चटईवर बसलेली आई दिसली. तिनं सवयीनं पाय आखडून घेतले होते. मागं सरायला जागा नव्हती, तरी सरकत होती.

माझं डोकं सणकलं.

मी सूप पालथं केलं. नारळ टणकन पडला आणि घरंगळत पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेला. फुलं सांडली. एक लहान मूल हसलं, त्याच्या आईनं त्याला चापट मारली. मी शाळेतल्या मराठीत बोलले, म्हणजे सगळ्यांना कळावं.

"हे सूप माझ्या आईनं विणलंय. कोरडं घ्यायचं तर घ्या. पाणी शिंपून मिळणार नाही."

कोणी पुढं आलं नाही. पाहुण्यानं हात पाठीमागं बांधले. बाई म्हणाल्या, "अगं, ही फक्त परंपरा आहे." मी म्हटलं, "मग तुमच्या चित्रांवर शिंपा."

वयनीबाय माईकपासून बाजूला झाली. हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं आईला म्हणाली, "चेडवाक आवर. घर कोणाच्या जमिनीत आसा ता विसरलंस काय?"

आता आई उठेल आणि माझ्या थोबाडीत मारेल असं मला वाटलं. आई उठली. कोयती कमरेला खोवली. वयनीबायकडं बघून म्हणाली, "विसराक नाय, वयनीबाय. म्हणानच इतकी वर्सा गप रवलंय."

मग ती दोरी ओलांडून आत गेली. राखणदार पुढं आला, तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काठ सुटलेलं सूप घेतलं, तिथंच बसून गाठ मारली, दातानं पाती तोडली. माझ्या हातातलं धरून सहाही सुपं एकात एक घातली आणि चालायला लागली. मी टाचण्या काढून नऊवारी बाईंच्या हातात दिली. आतला फ्रॉक होताच.

फेरीबोटीत आई सुपं मांडीवर घेऊन बसली. बेती आल्यावर म्हणाली, "सूप पालथा करू नये गो. मुद्दाम कशाक केलंस?"

मी म्हटलं, "चुकलं."

"फुडल्या टायमाक उजू, सरळ धरून सांग."

हसले मी. मग रडले. तिनं पदरानं माझा गाल पुसला. तो थेंब केव्हाच सुकला होता.

दोनच दिवसांत गोवा घटक राज्य झालं. फटाके वाजले. आणि आमच्या घराची वाट बंद झाली. भाटकारानं काटेरी कुंपण घातलं. वर्षभर आम्ही शेताच्या बांधावरून जा-ये केली, पावसात चिखलातून. चवथीच्या आधी वयनीबायचा गडी पाच सुपं मागायला आला. आई म्हणाली, "वयनीबायनं येवचा. माझ्या हातातून तिच्या हातात. सुका." ती आली नाही. म्हापशाच्या बाजारातून दुसऱ्या गावच्या बाईची सुपं आणली. अंगणात ठेवून पाणी शिंपलं म्हणे. म्हणजे तिचं काही अडलं नाही. आमचं अडलं. खोटी गोष्ट सांगणार नाही मी, त्या वर्षी चवथ आम्ही पेजेवर केली.

पण आई मागं सरली नाही. सूप कोरडंच द्या म्हणून सांगायला वाड्यावरच्या चार घरांत ती स्वतः गेली. दोघींनी तिला शिव्या देत हाकललं, दोघींनी ऐकून घेतलं. पुढच्या चवथीला आमच्यासकट तीन घरांतून कोरडं सूप जाऊ लागलं, घेणारा असेल तर. घेणारे थोडे. पण होते.

ती फेरीबोट मला परत मिळाली नाही.

मी आता हायस्कुलात चित्रकला शिकवते. माझ्या वर्गात ब्रश धुवायची वाटी दोघांत एकच, आणि ती ओढून घेणाऱ्याला मी उभं करते. आई गेली. तिचं शेवटचं सूप माझ्याकडं आहे.

यंदाच्या मे महिन्यात त्याच संग्रहालयाचं पत्र आलं. नवी माणसं, नवा कागद. "पारंपरिक सूपविणकर म्हणून मुलांसमोर बसावं." मी शिक्षिका आहे हे त्यांना ठाऊक आहे, पत्र शाळेच्या पत्त्यावरच आलंय. तरी खालीच बसायचं.

मी उत्तर टाकलं. येते. चित्रकलेचा वर्ग घ्यायला येते, मेजापाशी उभी राहून. सूपही शिकवीन, पण मुलं आणि मी एकाच मेजावर. आईचं सूप आणीन. ते दोरीच्या आत ठेवणार नाही. प्रत्येक मुलाच्या हातात देणार.

अजून त्यांचं काही आलेलं नाही. न येईना. दरवर्षी बोलवोत, दरवर्षी हेच लिहीन. सूप हवं असेल त्यानं हात पुढं करावा. घेताना माझा हात त्याच्या हाताला लागेल. तेवढं चालत नसेल त्यानं तांदूळ खड्यांसकट खावेत.