आधी तोंड, मग कात्री

माझे सासरे कटर आहेत. म्हणजे शिवत नाहीत, फक्त कापतात. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लांबलचक टेबलापाशी उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं आणि उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलेलं आजपर्यंत पाळलं: आधी तोंड, मग कात्री. माप मोठ्याने म्हणायचं, आपल्याच कानांनी ऐकायचं, आणि मगच कापडाला हात लावायचा. शिवण उसवता येते, पण कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही.

शिस्त उत्तम आहे. फक्त ती टेबलापाशी थांबली नाही, घरी आली. "आता साखर घालतो," म्हणतात आणि साखर घालतात. "आता दिवा बंद," म्हणतात आणि आम्ही वाचत असलो तरी बंद करतात. लग्नानंतर मी या घरात राहायला आलो (घरजावई म्हणा, मला आता त्याचं काही वाटत नाही), तेव्हा मला वाटायचं ते माझ्याशीच बोलताहेत. प्रत्येक वेळी मी आपला "हो मामा, हो मामा" करायचो. बायको हसून हसून बेजार व्हायची.

त्यांची दुसरी सवय म्हणजे पक्ष. त्यांचे वडील त्या पक्षाचे, हेही त्या पक्षाचे. निवडणूक आली की झेंड्यांचं कापड हेच कापणार, आणि तेही सुट्टीच्या दिवशी, फुकट. मी मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, घरदार विचारलं नाही. "मत कुणाला देता?" एवढंच विचारलं. मी तोवर कुणालाच दिलं नव्हतं. "तुमच्याच पक्षाला," असं ठोकून दिलं आणि काम फत्ते झालं.

मतदानाच्या खोलीतही यांची शिस्त सुटत नसे. पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचे, "साहेबांना!" असं खणखणीत म्हणायचे आणि मग बटण दाबायचे. यंत्र वाजायचं. अधिकारी दर वेळी ओरडायचे, "अहो, मत गुप्त असतं!" रांगेतले लोक खो खो हसायचे. खोलीत बाकावर पक्षाचा माणूस बसलेला असायचा. त्याचा चेहरा कायम हसरा, म्हणून सगळे त्याला हसराच म्हणत. तो खूश होऊन मान डोलवायचा. साहेब, म्हणजे पक्षाचे उमेदवार, पहिल्यांदा उभे राहिल्यापासून हे असंच चाललं होतं.

यंदा साहेब पुन्हा उभे राहिले आणि आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची सभा झाली. सासरे पहिल्या रांगेत. साहेबांचं भाषण रंगात आलं असताना आमच्या शेजारचे घड्याळजी उठून उभे राहिले. हा माणूस इतका नाकासमोर चालणारा की रस्ता ओलांडतानाही कुणाची तरी परवानगी काढेल. त्यांनी विचारलं, "साहेब, दवाखान्याला कुलूप का आहे? माझी आई त्या दारापाशीच गेली." साहेब म्हणाले, "बघू या," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

सभा संपल्यावर हसरा सासऱ्यांपाशी आला. "काका, ते गृहस्थ कुठे राहतात हो? साहेबांना त्यांना स्वतः भेटायचंय."

सासऱ्यांची छाती फुगली. "अहो, आमच्या शेजारीच! चला, दाखवतो." आणि ते नुसतं सांगून थांबले नाहीत. हसऱ्याला गल्लीतून घेऊन आले, घड्याळजींच्या दारासमोर उभं केलं आणि बोट दाखवून म्हणाले, "हे घर." घरी येऊन आम्हाला सांगितलं, "बघा, आता कुलूप निघतंय की नाही! साहेब माणूस ओळखतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार जण आले. घड्याळजी दारातच होते. आरडाओरडा ऐकून आम्ही खिडकीशी गेलो, तोवर ते चौघे निघूनही गेले होते. घड्याळजी उंबऱ्यावर बसले होते आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे बघत होते. बोटं मोडली होती, सगळी. जो माणूस केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलतो, त्याची बोटं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, त्या एकेक करून बंद झाल्या. आमचीही झाली. ती मीच लावली.

सासरे रात्रभर म्हणत राहिले, "साहेबांना माहीत नसेल. खालची माणसं नालायक असतात. मी सांगतो साहेबांना." मी म्हटलं, "मामा, कशाला? आपण बरे, आपलं घर बरं." पण ते सकाळीच गेले. तासाभरात परतले. चप्पल न काढता खुर्चीत बसले. बायकोने पाणी दिलं, ते तसंच बाजूला ठेवलं.

"काय म्हणाले साहेब?" तिने विचारलं.

"माझ्या खांद्यावर हात ठेवला," ते म्हणाले. "म्हणाले, 'घड्याळजी कसे आहेत? आता प्रश्न विचारत नाहीत ना?' आणि हसले. आणि म्हणाले, 'काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्हाला घरं सापडतात.'"

मग सासरे मोठ्याने म्हणाले, "यांना मत देणार नाही." आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. बायकोने धावत जाऊन खिडकी लावली.

आता अडचण लक्षात घ्या. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आडोशामागे गेल्यावर ते बोलणार. खरं बोलले तर हसरा दोन हातांच्या अंतरावर बसलेला. गप्प राहिले तर खोली त्याहून जास्त ऐकणार, कारण सगळा गाव त्या "साहेबांना!"ची वाट बघत असतो. आणि "साहेबांना" म्हणाले तर यांचा हात साहेबांवरच जाणार. जन्मभर हात तोंडाच्या हुकमात राहिलेला.

"मतदानाला जाऊच नका, बाबा," बायको म्हणाली. "ताप आलाय म्हणून सांगू."

"नाही गेलो तर हसरा घरी न्यायला येईल," ते म्हणाले. "त्याला घर माहीत आहे."

मग त्यांनी सराव सुरू केला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली, खडू घेतला, कात्री घेतली. "बाही बावीस," म्हणायचे आणि वीसवर कापायचा प्रयत्न करायचे. कात्री गुमान बावीसवर जायची. "कंबर तीस!" कात्री तिसावर. घामाघूम झाले. मी आधी हसलो, मग त्यांचा चेहरा बघून हसू आवरलं. चादरीच्या चिंध्या झाल्या, आणि प्रत्येक चिंधी मापात! जित्याची खोड म्हणतात ती हीच. शेवटी कात्री टेबलावर ठेवून ते म्हणाले, "जावईबापू, मला भीती वाटते हो." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझीही पाचावर धारण बसलेली होती.

मतदानाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघे निघालो. शाळेचा वर्ग होता, भिंतीवर मुलांनी काढलेली फुलपाखरं चिकटवलेली. अधिकारी, बोटाला शाई लावणारी बाई, आणि बाकावर हसरा. रांगेत सासऱ्यांच्या मागे मी, माझ्या मागे बायको. "या काका!" हसरा म्हणाला. "आवाज काढा मस्त!" रांगेतले लोक आधीच हसायला लागले. शाई लावणाऱ्या बाईने सासऱ्यांच्या बोटाला शाई लावली.

ते आडोशामागे गेले. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. चपला एकमेकींना चिकटलेल्या. काही ऐकू आलं नाही. हसऱ्याने मान वर केली. रांगेतलं हसणं थांबलं. मागून बायकोने माझा शर्ट मुठीत धरला. देवा, बोला काहीतरी, काहीही बोला, असं मी मनात घोकत होतो. म्हणजे साहेबांचंच नाव घ्या, असंच मी घोकत होतो, हेही सांगून टाकतो.

मग यंत्र वाजलं.

आणि त्यानंतर, श्वास कोंडलेला माणूस पाण्यावर यावा तसा सासऱ्यांचा आवाज आला, "साहेबांना!"

लोक हसले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. अधिकारी नेहमीप्रमाणे ओरडले. माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आधी कात्री चालवली होती आणि तोंड मागून. हाताला हुकूमच मिळाला नव्हता, तो मोकळा होता. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. माझी पाळी आली तेव्हा मी काय दाबलं ते विचारू नका, मत गुप्त असतं.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा हसरा बाकावरून उठून आला. "काका," तो अगदी प्रेमाने म्हणाला, "आज यंत्र आधी बोललं. तुम्ही नंतर."

सासऱ्यांच्या ओठांवरचा रंग गेला. खोटं बोलणं त्यांना येत नाही, ते खातं माझं. "वय झालं त्यांचं," मी म्हटलं. "विसरतात."

"होतं असं," हसरा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. माझ्याकडे. मग जाऊन बाकावर बसला.

घरापर्यंत आम्ही मागे वळून बघितलं नाही. बायको पुढे जाऊन दार उघडायला लागली. सासरे मात्र आमच्या दाराशी वळले नाहीत, पुढे घड्याळजींच्या दाराशी गेले. मी मागून "मामा, मामा" करत धावलो. "आता घंटी वाजवतो," ते म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं, तेही साखळीपुरतं. फटीत घड्याळजींचा अर्धा चेहरा आणि प्लास्टरमधला हात दिसला.

"घड्याळजी," सासरे म्हणाले, "त्या दिवशी तुमचं घर मीच दाखवलं. मला ठाऊक नव्हतं ते कशासाठी विचारतात."

घड्याळजी त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते. माझ्याकडे, मग गल्लीच्या या टोकाला, मग त्या टोकाला.

"आज कुणाला आणलंत, काका?"

"कुणाला नाही हो. हा आमचा जावई."

"त्यांना लांब उभं राहायला सांगा."

मी गल्ली ओलांडून पलीकडे गेलो आणि हात दिसतील असे बाहेर ठेवले. सासरे दाराला अगदी लागून उभे राहिले. सगळं सांगूनच टाकायचं असं त्यांच्या मनात होतं, आणि त्यांचं सांगणं म्हणजे गल्लीभर ऐकू जाणार. "आज मी मत…" त्यांनी खणखणीत सुरुवात केली.

"काका, पाया पडतो तुमच्या," आतून घड्याळजी रडवेल्या आवाजात म्हणाले, "हळू बोला. तुमच्यामुळे पुन्हा येतील ते." आणि त्यांनी दार लावून घेतलं.