जोडीदाराशिवाय येऊ नये

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतके धक्के मला आयुष्यात दुसऱ्या कुणीही दिलेले नाहीत, आणि मी तीस वर्षं शाळेत नववी 'ड' शिकवली आहे, हे धरून सांगतोय. पहिला धक्का आमच्याच घरी, लग्नाच्या बैठकीत. गृहस्थ मुलाला घेऊन एकटेच आले होते. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्याचं आम्हाला ठाऊक होतं. देण्याघेण्याचं कसं, असं मी चाचरत विचारणार, तोच त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, आपल्या यजमानांचं वर्षाचं उत्पन्न आपल्याला ठाऊक आहे का?" ही म्हणाली, "महिन्याला हातात ठेवतात तेवढं ठाऊक आहे." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हिला उपाशी ठेवतो की काय असं मलाच वाटायला लागलं. "हे बरं नाही मास्तर," एवढंच म्हणाले आणि बशी पुन्हा उचलली. लग्न मोडलं असं धरून मी आत पाणी प्यायला गेलो. परत येतो तर तारीख ठरत होती. लग्न त्यांच्या पद्धतीने विहारात झालं. माझ्या पेठेतल्या मावसभावाला गाडी लावायला जागा मिळेपर्यंत सगळं आटोपून पंगत बसली होती.

हे माझे व्याही प्राप्तिकर खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी वाघोलीला विहारामागच्या हॉलमध्ये टेबल टाकून बसतात आणि लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देतात. येणारे म्हणजे सोसायट्यांचे वॉचमन, ड्रायव्हर, हाउसकीपिंगच्या बाया. कंत्राटदार पगारातून कर कापतो, आणि तो परत मागता येतो, हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नसतं. फुकट काम म्हटल्यावर माणूस जरा गोड बोलेल की नाही? नाव नको. दारावर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात पाटी लावली आहे: "विवरणपत्र मोफत भरून मिळेल. जोडीदाराशिवाय येऊ नये. अविवाहितांनी आईला आणावे. आभार मानू नयेत, रांग खोळंबते." कुणाचा चहासुद्धा घेत नाहीत, घरून थर्मास आणतात आणि प्यायल्यावर स्वतः विसळतात. मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच रविवारी त्यांनी मला न विचारता कॉम्प्युटरपुढे बसवलं, कारण स्वतः माउसला हात लावत नाहीत. "मास्तर, आपण टंका. चुका मी काढीन," म्हणाले.

पाटीवरची ती जोडीदाराची अट नुसती लिहिण्यापुरती नव्हती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि मी गार पडलो. सगळे कागद पाहून झाले की हे नवराबायकोला शेजारी बसवतात, आणि घरात वर्षभरात काय आलं ते खणखणीत आवाजात वाचतात. एकदा नव्हे, दोनदा, आणि दुसऱ्यांदा अगदी सावकाश, समोरच्याला अक्षर दिसत नसल्यासारखं. मला तर लाज वाटायची. आमच्या घरी उत्पन्न हा शब्द पुरुषमाणसं गॅलरीत जाऊन बोलायची. मांजरी गावाहून पन्नाशीचे एक ब्रह्मचारी आले होते, त्यांनाही हात हलवत परत पाठवलं. दुपारी गृहस्थ ऐंशीच्या आईला रिक्षात घालून हजर. म्हातारीने आकडा ऐकला, दुसऱ्यांदाही ऐकला, आणि म्हणाली, "मग लग्नाला नाही कशाला म्हणत होतास रे इतकी वर्षं?" हॉल हसत सुटला. व्याही तेवढे हसले नाहीत. "पुढचे या," म्हणाले.

मग गेल्या जुलैत एक वॉचमन आला, एकटाच. व्याही थर्मास विसळायला नळावर गेले होते. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "सायेब, तेवढं भरून टाका की. बायकूला समजलं की खर्चाला पाय फुटत्यात. पोरीला नर्सिंगला घालायचं म्हनून डोस्कं खातीय नुसती. मी सांगितलंय, पैसं न्हाईत म्हनून. डुटीला जायाला एक जुनी गाडी बघून ठिवलीया." आता खरं सांगायचं तर मला त्याची दया आली. रोज पाच-सहा किलोमीटर चालणारा माणूस. शिवाय तो जे बोलत होता ते मी स्वतः घरात तीस वर्षं करत आलो होतो. मी भराभर टंकलं, त्याच्या मोबाइलवर आलेला क्रमांक विचारून घातला, आणि व्याही हात पुसत परत येईतो सगळं पाठवून मोकळा झालो. त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजलो.

महिनाभराने रविवारी त्याची बायको आली, बरोबर मुलगी. मुलीच्या हातात प्रवेशाचं पत्र होतं, घड्या पडून मऊ झालेलं. बाई म्हणाली, "फी भरायला गुरुवार शेवटचा. न्हाय भरली तर शीट जातंय. ह्ये म्हनत्यात घरात कायबी न्हाय. तुमच्याकडं कागद असत्यात, तुमीच बघून सांगा, खरंच न्हाय का?" व्याही म्हणाले, "ताई, दुसऱ्याचा कागद मी उघडू शकत नाही. त्यांना घेऊन या." बाई म्हणाली, "ते यायला तयार न्हाईत." मुलगी पत्राची घडी घालत राहिली. कापलेला कर एव्हाना त्याच्या खात्यात आला असणार, हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

त्या दोघी बाहेर गेल्या आणि मी सगळं ओकून टाकलं. आता हा माणूस मला विहाराच्या पायरीवर उभं करून बोलणार, याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी मात्र टेबलावर 'आज बंद' असा कागद ठेवला, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला मास्तर." रांग सोडून हा माणूस उठला, याचाच मला धक्का बसला होता, पुढचा यायचा होता.

वॉचमन त्याच्या सोसायटीच्या गेटवर खुर्चीत होता. आम्हाला पाहून उभाच राहिला. व्याह्यांनी त्याला हाताने बसवलं आणि स्वतः उभ्यानेच, विवरणपत्र वाचावं त्या आवाजात सांगायला लागले. "माझ्या बायकोला दिसायला कमी झालं होतं. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, चाललंय की. मला वाटलं, खरंच चाललंय. मी दिवसभर ऑफिसात साऱ्या पुण्याचं उत्पन्न वाचत होतो. माझं तिला कधी सांगितलं नाही. आपल्याला परवडायचं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही. मग मी दर रविवारी तिला पासबुक वाचून दाखवायला लागलो. दोनदा वाचायचो. पहिल्या रविवारी ऐकल्यावर रागावली नाही हो ती. 'एवढं होतं होय?' म्हणाली."

इतकं सांगून ते थांबले. मी त्यांचा व्याही. सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून टंकलं, आणि मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. मला रडू आवरेना, म्हणून मी उगीच गेटवरच्या रजिस्टरमधले गाड्यांचे नंबर वाचत बसलो. वॉचमन म्हणाला, "गाडी अजून आनली न्हाय."

बुधवारी संध्याकाळी, हॉल मुद्दाम उघडून, तिघं समोर बसली. व्याह्यांनी दोनदा वाचलं. बाई नवऱ्याला लागेल असा एक शब्दही बोलली नाही, मुलीला म्हणाली, "सकाळी लवकर निघू." वॉचमन आभार मानायला लागला तसं व्याह्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा ही पोळ्या करत होती. मी कपाटातून माझे कागद काढले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो आणि वाचायला लागलो. पेन्शन, व्याज, पोस्टातलं, सगळं. हिने लाटणं थांबवलं नाही. वाचून झाल्यावर गॅस बारीक करून म्हणाली, "परत वाचा."

मी परत वाचलं, सावकाश.