ज्या पुलाखाली नदी नाही

“ज्या दिवशी मला कशाचीच भीती वाटणार नाही, त्या दिवशी माझं काहीतरी बघायचं राहिलंय असं समजा,” असं ती मुलाखतीला आली तेव्हा म्हणाली होती. मॅनेजरसाहेब मोठ्याने हसले होते, आणि या एका वाक्यावर त्यांनी तिला कामावर घेतलं होतं.

काम असं. पार्कमध्ये पाळणे होते, घसरगुंड्या होत्या, बोटींचा कालवा होता. शिवाय सहा ते दहा वर्षांच्या पोरांसाठी एक शोधखेळ होता. दारावर पोराच्या हातात कार्ड द्यायचं. त्यावर सहा कोडी. एकेक कोडं सोडवत पोराने पार्कभर हिंडायचं, त्या त्या जागी लपवलेला रबरी ठसा शोधून कार्डावर उमटवायचा. सहा ठसे झाले की शेवटच्या फाटकावरचा वॉचमन शिट्टी वाजवायचा. शिट्टी वाजली की मोहीम फत्ते. मोठ्यांनी पाठोपाठ यायचं नाही, झाडाखालच्या बाकांवर बसायचं. या मोहिमा ती लिहायची.

लिहायची म्हणजे आधी चालायची, आणि चालायची ती गुडघ्यांवर. फरशी बसवणारे बांधतात तसल्या जाड गाद्या गुडघ्यांना बांधून ती अख्खा पार्क पोराच्या उंचीवरून बघायची. उभ्या माणसाला नुसता कठडा दिसतो. तिला त्याच्या पोटातून बाहेर आलेला खिळा दिसायचा, बरोबर डोळ्याच्या उंचीला. पत्र्याची उघडी कड दिसायची, कुंडीमागचं गांधीलमाश्यांचं पोळं दिसायचं. मग ती कारागिरांच्या मागे लागायची. ते म्हणायचे, “आली भागूबाई! आज कुठला खिळा चावला?”

हे नाव तिच्या बाबांचं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त. दोन खोल्यांत बापलेक दोघंच. एकदा ती डबा विसरली तेव्हा बाबा तो घेऊन आले आणि भर फाटकावर विचारते झाले, “आमची भित्री भागूबाई कुठे भेटेल हो?” झालं. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

भागूबाई तीन वर्षं मोहिमा लिहीत होती आणि तीन वर्षांत एकाही पोराला खरचटलं नव्हतं. पण साहेब खूश नव्हते.

“पोरं जांभया देतात तुमच्या मोहिमेत,” ते म्हणाले. “सगळं कसं गुळगुळीत. जरा छातीत धडधड व्हायला नको?”

“धडधड म्हणजे कशी?”

“ते तुम्ही मला विचारता? घाबरण्यात तुमची पीएचडी आहे!”

ती घरी आली आणि जेवता जेवता आठवत बसली, की लहानपणी आपल्याला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटायची. उत्तर ताटातच असल्यासारखं समोर आलं. आई बाहेर नळावर असायची, आणि आतल्या रिकाम्या खोलीतून कुणीतरी आईच्याच आवाजात आपल्याला हाक मारतंय असं वाटायचं. ती ओ द्यायची नाही. ओ दिली की आतलं जे काही आहे त्याला आपण सापडू, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. ती तिने कार्डावर लिहिली. पाचव्या ठशानंतर: ‘आता तुम्ही अदृश्य आहात. कुणी नावाने हाक मारली तर ओ देऊ नका. तो जादूगार असतो. तो तुमच्या माणसांचे आवाज काढतो. शिट्टी वाजेपर्यंत गप्प.’ आणि त्याखाली सहावं कोडं: ‘ज्या पुलाखाली नदी नाही, त्या पुलाखाली बघा.’

हा पूल म्हणजे बाहुलीघरापुढचा शोभेचा पूल. चार हात लांब, खाली निळी रंगवलेली फरशी. एखादं पोर तिथून पडलं असतं तरी फार तर हसलं असतं.

पोरं त्या मोहिमेवर तुटून पडली. पाचव्या ठशानंतर ती भिंतींना चिकटून, श्वास धरून चालायची. तिने बाबांना कौतुकाने सांगितलं. बाबा म्हणाले, “हाकेला ओ न देणारं एक पोर घरात असलं तरी आईबाप वेडे होतात. तू तर त्याचा कारखानाच काढलास की गं!” दोघंही हसली.

त्यानंतर दीड महिन्याने बोटींचा कालवा साफ करायला काढला. पाणी सोडून दिलं, तळाचं शेवाळ खरवडायला माणसं उतरली. नोटीस सगळ्या खात्यांना फिरली: दुपारी बारा वाजता कालवा भरणार. तिनेही त्यावर सही केली. सकाळी दहाला ती कालव्यावरच्या मोठ्या दगडी पुलावरून गेली तेव्हा खाली ओला, काळा, रिकामा तळ दिसला. कालव्याच्या दोन्ही काठांना दोरी बांधली होती. तिला क्षणभर कसंतरी झालं, घरातून निघताना गॅस बंद केला की नाही ते आठवू नये तसं. ती थांबली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, “कुठे आहात? नव्या मोहिमेचा नकाशा घेऊन या.” ती गेली.

साडेअकराला ऑफिसच्या खिडकीतून भोंग्याचा आवाज आला. कुणा मुलीचं शाळेतलं नाव, वय सात, पिवळा फ्रॉक, असेल तिथून चौकशी खिडकीपाशी यावं. दोनदा. मग तिसऱ्यांदा. मग भोंग्यावर एक म्हातारा आवाज आला, “चिंगे! अगं चिंगे, आजोबा बोलतोय. कुठे आहेस बाळा? ओ दे ना गं!”

तिच्या हातातली पेन्सिल नकाशावर तशीच टेकून राहिली.

“सापडेल हो,” साहेब म्हणाले. “रोज एक हरवतं.”

“मोहिमेतली आहे का?”

“असेल. सव्वादहाला कार्ड घेतलं म्हणे. का?”

ती उत्तर द्यायला थांबली नाही. धावत चौकशी खिडकीवर गेली. आजोबा दोन्ही हातांनी माइक धरून उभे होते, शर्टाचं एक बटण तुटून लोंबत होतं. शेजारी भोंगेवाला आवाज वाढवत होता.

“बंद करा ते,” ती म्हणाली.

“काय?”

“हाका बंद करा! जितक्या हाका माराल तितकी ती लपून बसेल!”

भोंगेवाल्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू उन्हात तिचं डोकं फिरलंय. आजोबांनी तर ऐकलंच नाही. “चिंगे, तुला रागावणार नाही मी, ओ दे,” ते म्हणत होते, आणि तो आवाज पार्कच्या चोवीस भोंग्यांतून एकदम निघत होता. आपल्या माणसाचा आवाज, माणूस कुठेच नाही. तिला वाटलं, ती रिकामी खोली आता पार्कएवढी झाली आहे आणि तिचं दार आपण उघडलंय.

ती बाहुलीघराकडे पळाली. शोभेच्या पुलाखाली ठसा जागेवर होता, चिंगी नव्हती. तिने गुडघे टेकले. उंची बदलली. या उंचीवरून समोर, झुडपांच्या बुंध्यांमधून, दगडी पुलाची कमान दिसत होती. आणि कमानीखाली पाणी नव्हतं.

ज्या पुलाखाली नदी नाही.

दोरी बांधली होती, पण मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. सात वर्षांचं पोर तिच्याखालून मान न वाकवता जातं. तिने घड्याळ बघितलं. बाराला सात मिनिटं कमी. शेवाळवाले तर केव्हाच वर येऊन जेवायला गेले होते.

फाटकावरचा वॉचमन तिच्या मागोमाग आला होता. “पंपघरात पळा,” ती त्याला म्हणाली. “पंपवाल्या काकांना सांगा, पाणी सोडू नका.”

“त्यांचा फोन—”

“ते फोन उचलत नाहीत! पळा!”

तो पळाला. पंपघर पार्कच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि वॉचमनचं पोट सुटलेलं होतं. ती लोखंडी शिडीने कालव्यात उतरली. तळ साबणासारखा निसरडा. कमानीच्या आत भिंतीत एक बोगदा होता, कमरेइतका उंच. इथूनच कालव्यात पाणी येतं. आत काळोख. चिंगे अशी हाक ओठांवर आली आणि तिने ती गिळली. नावाने हाक मारणारा जादूगार असतो.

ती बोगद्यात रांगत शिरली. आतून काही आवाज नाही. नुसतं थेंब थेंब. मग तिने स्वतःशी बोलावं तसं, हळूच म्हटलं, “मेला हा ठसा कुठे सापडतच नाहीये.”

मग काळोखातून, अगदी जवळून, “शू! हळू बोल. ते ऐकतायत.”

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “कधीची शोधतेयस?”

“खूप वेळ. तू पण अदृश्य आहेस?”

“हो. पण ठसा इथे नाहीये. दुसऱ्या पुलाखाली आहे. चल.”

“तुला कसं माहीत?”

आणि इथे ती चुकली. घाईत खरं बोलून गेली. “अगं, मीच ठेवलाय तो.”

काळोखात चपला सरपटल्याचा आवाज आला, मागे, आणखी आत. “तू त्याची माणूस आहेस,” चिंगी म्हणाली. आवाज आता रडवेला होता. “मी नाही येणार. तू मला बाहेर नेऊन त्याला देणार.”

“नाही गं राजा—”

“तो पण असंच बोलतो. आजोबांच्या आवाजात.”

दूर आतून, बोगद्याच्या पोटातून, एक घरघर सुरू झाली. मग तिच्या तळहातांखालून गार पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत गेला. हात पुढे करून ओढावं, तर पोर आणखी आत जाणार, आणि आत पाणीच आहे. तिला ओरडावंसं वाटलं. तिने तोंडावर मनगट दाबून धरलं. मग म्हणाली, “बरं. सापडले मी. ओळखलंस तू मला. आता मला पकडायला पाहिजे ना तुला?”

आत चपलांची सरपट थांबली.

“कैदी पकडला तर ठसा नसला तरी चालतो. कैद्याला फाटकावर न्यायचं, की शिट्टी वाजते.”

“कार्डात नाहीये तसं.”

“कारण आजवर कुणी पकडलंच नाही मला.”

पाणी मनगटाच्या वर आलं. मग एक ओला, गार, इवलासा हात तिच्या दंडावर पडला आणि त्याने घट्ट पकडलं. “चल पुढे,” चिंगी म्हणाली. “पळायचं नाही.”

ती कैद्यासारखी पुढे रांगत निघाली. बाहेर कमानीखाली आली तोवर पाणी तिच्या पोटऱ्यांना आणि चिंगीच्या मांड्यांना लागलं होतं. शिडीवर तिने पोरीला आधी चढवलं. शेवटच्या पायरीवर असताना घरघर थांबली. वॉचमन पोहोचला होता.

ऑफिसमध्ये चिंगीला टॉवेलात गुंडाळून बसवलं. आजोबांनी भागूबाईचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. “बाई, तुमच्या रूपाने देव भेटला,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. साहेब टेबलामागून म्हणाले, “दोरी बांधणाऱ्याचा हलगर्जीपणा. त्याला सोडणार नाही मी.”

मग आजोबा नातीकडे वळले. भीती ओसरली की मोठी माणसं रागावतात. “इतक्या हाका मारल्या! कान फुटले होते का तुझे? एकदा ओ द्यायला काय झालं होतं?”

चिंगी ओठ घट्ट मिटून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून शब्द नाही.

“बोल ना!”

भागूबाईला कळलं. दारात वॉचमन धापा टाकत उभा होता. ती त्याला म्हणाली, “शिट्टी वाजवा.”

“इथे?”

“वाजवा.”

छोट्या खोलीत ती शिट्टी फारच मोठी वाजली. चिंगीने श्वास सोडला आणि एका दमात म्हणाली, “मोहिमेत ओ द्यायची नसते. कार्डात लिहिलंय.”

आजोबांनी भिजलेलं कार्ड हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं. दोनदा वाचलं. “हे कुणी लिहिलंय?”

“ते तसं सगळ्या टीमचं काम असतं,” साहेब म्हणाले.

“मी,” ती म्हणाली.

आजोबांचा हात तिच्या हातातून हळूच बाजूला झाला. ते नातीकडे वळले. पोरीला विचारलं, “मी हाका मारत होतो त्या ऐकू येत होत्या तुला?”

“सगळ्या,” चिंगी म्हणाली. तिच्या आवाजात जरासा अभिमान होता. “मी एकीलाही फसले नाही.”

आजोबांनी तिला उचललं. सात वर्षांच्या पोरीला उचलायचं त्यांचं वय नव्हतं. ते गेले.

साहेबांनी दार लावून घेतलं. “कशाला बोललात? म्हातारा पाया पडायला निघाला होता तुमच्या. असो. पुलाचं कोडं बदला. ओळ मात्र राहू द्या. मोहीम चालते ती त्या ओळीवर, तुम्हालाही माहिती आहे. उद्या नऊला फाटक उघडायचंय.” त्यांनी टेबलावर ठेवलेला गठ्ठा तिच्याकडे सरकवला. उद्याची सहाशे कार्डं, सुतळीने बांधलेली. “यावर नवीन कोड्याची चिठ्ठी चिकटवून टाका. तासाभराचं काम. करताय ना?”

तिने वरचं कार्ड वाचलं, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे. मग दोन्ही हातांनी गठ्ठा उचलला. जड होता, तोल गेला, तसा तिने गठ्ठा छातीशी धरला. साहेब हसून मान डोलावत होते, काम सुरू झालं असं समजून. तिने कोपराने दाराची कडी खाली दाबली, आणि ती सहाशेच्या सहाशे कार्डं घेऊन, थेट फाटकाबाहेर निघून गेली.